ग्लेनफार्क्लस १०५: सात महिन्यांच्या वापरानंतर

ग्लेनफार्क्लस १०५ या स्कॉच सिंगल माल्टबद्दल (एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची व्हिस्की) दोन टोकांची मतं कानावर येतात. एक, "नुसता जाळ आहे, घसा सोलून निघतो." दुसरं, "शेरीच्या पिंपातली व्हिस्की म्हणजे काय ते हिच्यात कळतं." एक लिटरची बाटली आठवड्याला ३० मिली या हिशोबाने सात महिने वापरल्यावर दोन्ही मतं खरी वाटतात. फक्त पहिलं मत देणाऱ्याची बाटली बहुतेक वेळा नुकतीच उघडलेली असते आणि त्याने पाणी एकतर घातलेलंच नसतं किंवा अंदाजाने घातलेलं असतं. हिचं सगळं गणित पाणी आणि वेळ यांवर आहे, त्यामुळे खाली पाण्याबद्दल बरंच लिहिलं आहे.

आधी १०५ म्हणजे काय ते. हे वय नाही, पिंपाचा नंबरही नाही. ब्रिटिश प्रूफ मोजण्याच्या पद्धतीतला हा आकडा आहे. जुनी रीत अशी सांगतात की बंदुकीच्या दारूवर प्यायची दारू ओतून पेटवायची. तरीही बार पेटला तर माल "प्रूफ" ठरला. पुढे मोजमाप नेमकं झालं आणि १०० प्रूफ म्हणजे ५७.१% अल्कोहोल असं ठरलं. १०५ प्रूफ म्हणजे त्याच्या १.०५ पट, म्हणजे ६०%. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटल्यांवरचं ४२.८% हे याच पद्धतीतून आलंय: १०० पैकी ७५ प्रूफ. काही लेबलांवर "२५ यू.पी." लिहिलेलं असतं, म्हणजे प्रूफच्या २५ अंश खाली. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा आकडा आपल्या बाटल्यांवर टिकून आहे.

या आकड्याचा व्यवहारातला अर्थ असा. १०५ च्या ३० मिलीमध्ये १८ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. नेहमीच्या ४२.८% व्हिस्कीच्या ३० मिलीमध्ये ते १२.८ मिली असतं. म्हणजे हिचा एक स्मॉल, ३० मिलीचा पेग, नेहमीच्या जवळजवळ दीड स्मॉलइतका पडतो आणि ६० चा लार्ज ८४ मिलीइतका. सवयीने दोन लार्ज भरणारा माणूस इथे तीनाच्या जवळ पोचतो. त्यामुळे हिचा पेग ३० मिलीचाच धरावा, आणि तोही मापून.

डिस्टिलरी स्कॉटलंडच्या स्पेसाइडमध्ये, बेन रिनिस डोंगराच्या पायथ्याशी, बॅलिंडॅलोखजवळ आहे. १८६५ पासून ती ग्रँट घराण्याकडे आहे आणि १०५ बाजारात आहे ती १९६८ पासून. चवीच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, इथली तांब्याची ऊर्ध्वपातनाची भांडी अजून खालून थेट आचेवर तापवतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेवर तापवण्याचा प्रयोग त्यांनी करून पाहिला आणि सोडून दिला. थेट आचेमुळे तळाशी थोडं लागतं, भाजल्यासारखा, शेंगदाण्या-अक्रोडाकडे झुकणारा जडपणा दारूत उतरतो. पूर्ण करपू नये म्हणून आत तांब्याची साखळी फिरत राहते. वाफेवरची दारू याहून हलकी निघते, आणि हलक्या दारूला शेरीचं पिंप लगेच गिळून टाकतं. इथे दारू आणि लाकूड यांची बरोबरीची झटापट चालते.

दुसरी गोष्ट पिंपं. ती स्पेनहून येतात, ओलोरोसो शेरी मुरवलेली. शेरी म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या हेरेस परिसरातली, वरून अल्कोहोल घालून बळ वाढवलेली वाईन. ओलोरोसोचं बळ १७% च्या वर नेतात. त्या बळाला वाईनवर यीस्टची पांढरी साय धरत नाही, हवेशी थेट संपर्क होतो, वाईन तपकिरी होते आणि तिला अक्रोडाचा वास येतो. ओलोरोसो मुळात कोरडी असते, गोड नव्हे. गोड असते ती पेद्रो हिमेनेज, उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी दाट. ग्लेनड्रोनाख १२ या दुसऱ्या शेरीवाल्या स्कॉचमध्ये दोन्ही प्रकारची पिंपं असतात म्हणून ती जास्त गोड लागते. १०५ मध्ये जिभेवर येणारा गोडवा सुक्या फळांचा आहे, पाकाचा नाही. "शेरी म्हणजे गोड" असं धरून विकत घेणाऱ्याची इथे निराशा होते.

आणखी एक गैरसमज. स्पेनमध्ये अनेक वर्षं शेरी मुरवलेलं जुनं पिंप स्कॉटलंडला येतं, असं चित्र डोळ्यांसमोर असतं. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं डिस्टिलऱ्यांना मिळायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचा नियम झाला आणि तो ओघ आटला. आता डिस्टिलऱ्या पिंपं मुद्दाम बनवून घेतात, त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी मुरवतात, मग ती काढून पिंप पाठवतात. यात काही खोट नाही, पण लेबलवर "शेरी कास्क" (कास्क म्हणजे पिंप) एवढंच वाचून चव कळत नाही. पिंप पहिल्यांदा भरलंय की तिसऱ्यांदा, लाकूड युरोपियन ओकचं की अमेरिकन ओकचं, याने फार फरक पडतो. युरोपियन ओकमध्ये टॅनिन जास्त, म्हणून लवंग-जायफळाकडे जाणारा तुरटपणा येतो. अमेरिकन ओक व्हॅनिला आणि नारळाकडे झुकतो.

रंग बाहेरून मिसळलेला नाही. पांढऱ्या कागदासमोर ग्लास धरला तर बिनदुधाच्या चहाचा तांबूस रंग दिसतो, कडेला सोनेरी. नेहमीच्या १०५ वर वय छापलेलं नसतं, आणि ही वयाने फार मोठी नाही हे पहिल्या घोटात समजतं. आणखी एक बारकावा: बळ प्रत्येक वेळी नेमकं ६०% असतं. प्रत्येक पिंपाचं बळ वेगळं निघतं, त्यामुळे हा आकडा जुळवून आणलेला आहे. अबर्लावर अबूनासारखी व्हिस्की प्रत्येक बॅचला वेगळ्या बळाने येते, तिथे दर वेळी लेबल वाचून पाण्याचा हिशोब नव्याने करावा लागतो. इथे एकदा केलेला हिशोब कायमचा लागू पडतो.

पाणी

मेडिकलमधून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज आणा. हिच्याइतकं उपयोगी अवजार या कामात दुसरं नाही. पेग मापायला खोकल्याच्या औषधासोबत येणारं प्लॅस्टिकचं मापी झाकण चालतं, फक्त ते नवं हवं; सिरपचा वास धुऊनही जात नाही.

सूत्र सोपं आहे. ६० ला हव्या त्या टक्केवारीने भागा, त्यातून १ वजा करा, व्हिस्कीच्या मिलीने गुणा. ३० मिली व्हिस्की ५०% वर आणायची तर ६ मिली पाणी. ४६% साठी ९ मिली. ४३% साठी १२ मिली. ४०% साठी १५ मिली. म्हणजे अर्धं पाणी घातल्यावर ही व्हिस्की साध्या स्कॉचच्या किमान बळावर येते. "दोन थेंब पाणी टाका, खुलते" हा सल्ला ४३% च्या बाटलीसाठी असतो. ६०% ला दोन थेंबांनी काही होत नाही.

सात महिन्यांत प्रत्येक बळाला ही चाखून झाली आहे. ६०% ला नाकात पहिल्यांदा फक्त स्पिरिटची टोच येते, मागे संत्र्याच्या सुक्या सालीची पुसट खूण. जिभेवर टोकाला क्षणभर गोड, मग सगळं तोंड बधिर. ५०% ला काळ्या मनुका, खारीक, जायफळ वेगवेगळे ओळखू येतात. ४६% ते ४८% हा हिचा खरा मुक्काम: भाजलेला अक्रोड पुढे येतो, मध्ये काकवी, शेवटी कोको पावडरचा कोरडा कडवटपणा, तोही मिनिटभर रेंगाळतो. ४३% ला छान आहे पण मधला भरीवपणा कमी होतो. ४०% ला पातळ लागते, लाकडाचा तुरटपणा एकटा उरतो. तिथपर्यंत नेऊ नये. ३० मिलीला ८ ते ९ मिली पाणी, हे माप लक्षात ठेवलं तरी पुरे.

पाणी एकदम ओतू नका. आधी ३ मिली, थांबा, वास घ्या. पुन्हा ३ मिली. ग्लास दिव्यासमोर धरून सिरिंजने कडेने पाणी सोडलं की आत लांब, तेलकट, वळणारे धागे दिसतात, सरबतात खडीसाखर विरघळताना दिसतात तसे. ते धागे पूर्ण मिटेपर्यंत प्यायचं नाही. पाणी आणि अल्कोहोल मिसळताना किंचित उष्णता निघते, त्या झोतात अल्कोहोलच आधी वर येतं आणि "पाण्याने बिघडली" असं वाटतं. पाच मिनिटं झाकून ठेवा, मग नाक लावा.

पाण्याने वास का खुलतो, याचं एक उत्तर २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर रेणूंचं वर्तन तपासून दिलं. ग्वायकॉल हा व्हिस्कीतला एक वासाचा रेणू. ४५% पर्यंतच्या मिश्रणात तो पृष्ठभागाकडे राहतो, ५९% च्या वर अल्कोहोलचे रेणू त्याला घेरून आत ओढतात. हा एका रेणूचा हिशोब आहे, सगळ्या चवीचा नाही. पण ६०% ची बाटली नाकाला मुकी का वाटते, ते यातून पटतं.

पाणी कोणतं? आरओचं उत्तम. बोअरचं जड पाणी कोकोचा कडवटपणा खडूसारखा करतं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं घ्या. पाणी खोलीच्या तापमानाचं हवं, फ्रीजमधलं नको. सोड्याने ही व्हिस्की वाया जाते, तिथे सरळ स्वस्त ब्लेंड, म्हणजे मिश्र व्हिस्की घ्यावी.

आता तापमान. स्कॉटलंडमधला "खोलीच्या तापमानाला प्या" हा सल्ला १८-२० अंशांच्या खोलीसाठी आहे. एप्रिल-मे मध्ये नागपूरला किंवा पुण्याला खोली ३४ अंशांवर असेल तर ६०% ची व्हिस्की ग्लासातून नुसती उसळते, नाक जवळ नेता येत नाही. बर्फ हा उपाय वाटतो, पण बर्फाने वास मिटतो, शिवाय वितळताना पाण्याचं माप हातात राहत नाही. रिकामा ग्लास दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग व्हिस्की ओता. ग्लास सुरुवातीला किंचित दमट दिसतो, तेवढ्याने काही बिघडत नाही. फ्रीजमध्ये ग्लास उपडा ठेवा, नाहीतर कालच्या माशाच्या कालवणाचा वास त्यात बसतो.

बाटली उघडल्यापासून

पहिले तीन आठवडे सगळ्यात वाईट. बाटलीच्या मानेतला पहिला पेग तर मत बनवायला अजिबात वापरू नये. पहिल्या महिन्यात पेग ओतून निदान अर्धा तास ठेवायचा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात, पातळी बाटलीच्या खांद्याच्या खाली उतरल्यावर, टोच बोथट होते आणि मनुका पुढे येतात. तिसरा-चौथा महिना हिचा बहर: तेव्हा दहा मिनिटंही पुरतात, आणि दालचिनीचा एक उबदार वास येतो जो आधी नव्हताच.

साधारण १८ आठवड्यांनी ४५० मिली उरली होती. तेव्हा १८० मिलीची काचेची एक क्वार्टर काठोकाठ भरून घट्ट बंद केली, बाकीची मोठ्या बाटलीतच राहू दिली. दोन महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवून, दोन्ही ४६% वर आणून चाखल्या. मोठ्या बाटलीतल्या शेवटच्या पेगमध्ये सुकी फळं दबली होती, अक्रोड खवट होण्याच्या काठावर होता आणि ओल्या पुठ्ठ्याची एक छटा आली होती. क्वार्टरमधली जवळजवळ चौथ्या महिन्यासारखीच. त्यामुळे निम्म्याखाली गेली की लहान काचेच्या बाटल्यांत हलवा. क्वार्टर आधी गरम पाण्याने चार-पाच वेळा विसळून, पूर्ण वाळवून, तासभर झाकण लावून मग हुंगून पाहा; रमचा वास उरला असेल तर ती टाकून द्या. कट ग्लासच्या जुन्या डिकँटरमध्ये (नक्षीदार काचेच्या सुरईत) ठेवू नका, त्यात शिसं असू शकतं.

बाटली कायम उभी. आडवी ठेवली तर ६०% अल्कोहोल बूच खातं, बूच भुसभुशीत होतं आणि व्हिस्कीला लाकडी कडवट चव येते. उन्हाळ्यात उलटं होतं, बूच सुकतं आणि उघडताना मोडतं. मोडलं तर घाबरायचं कारण नाही: कॉफीच्या कागदी गाळणीतून दुसऱ्या बाटलीत गाळा, जुन्या बाटल्यांची बुचं जपून ठेवायची ती यासाठीच. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेबलवर बुरशी धरते. खोक्यात ठेवली तर खोकं महिन्यातून एकदा उघडून वाळवा.

आणि एक सुरक्षेचं. ६०% ची वाफ आपल्याकडच्या साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. पेटत्या गॅसशेजारी किंवा देवघरातल्या समईजवळ ही मापत बसू नका.

चाखताना

ग्लेनकेअर्नसारखा तळाशी फुगीर, वर निमुळता ग्लास घ्या. नसेल तर वाईनचा छोटा ग्लास चालेल. रुंद तोंडाच्या टंबलरमध्ये शेरीचा वास उडून जातो. ग्लास जोरात घुसळू नका, त्याने अल्कोहोलच उसळतं. हळूच तिरपा करून फिरवा. नाक आत खुपसण्यापेक्षा काठापासून दोन बोटं लांब धरा आणि तोंड थोडं उघडं ठेवून श्वास घ्या. खोलीत उदबत्ती, अत्तर, धूप नको. दात घासून, पान किंवा बडीशेप खाऊन तासभर तरी जाऊ द्या.

वास ओळखता येत नसतील तर स्वयंपाकघर मदतीला आहे. वाटीत चार काळ्या मनुका कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, दुसऱ्या वाटीत खारकेचा तुकडा, तिसरीत किसलेलं जायफळ, चौथीत चमचाभर काकवी, पाचवीत भाजून सोललेला अक्रोड. आधी वाटी हुंगा, मग ग्लास. दोन-तीन वेळांत नाक तयार होतं. परदेशी वर्णनांमधला ख्रिसमसचा केक ज्यांनी खाल्ला नाही त्यांनाही खारीक आणि जायफळ लगेच सापडतं.

पेटलेल्या काडीचा, रबराचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर तो गंधक. पिंपं किडू नयेत म्हणून गंधक जाळायची रीत आहे, त्याचा अंश शेरीच्या पिंपांतून कधीकधी उतरतो. काहींच्या नाकाला तो चटकन कळतो, काहींना अजिबात नाही. या बाटलीत पहिल्या महिन्यात काडीची अगदी पुसट झाक होती, ती हवेने गेली. रबराचा दाट वास असेल तर तो असा जात नाही.

चकण्याला तिखट शेव, मसाला शेंगदाणे, लिंबू-कांदा नको. मिरची आणि ६०% एकत्र आले की जीभ अर्ध्या तासासाठी गेलीच. बिनमिठाचे भाजलेले बदाम, अक्रोड, ७०% कोकोचं चॉकलेट, खजूर. खजुराने ती कोरडी लागते, चॉकलेटने गोड.

सगळ्यात खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीचा ग्लास न धुता तसाच ठेवा. अल्कोहोल उडून गेल्यावर पिंप काय होतं ते उरतं. हिच्या ग्लासात सकाळी मनुका, सुंठ आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास येतो, तळाशी तांबूस चिकट कडं. कारमेलने रंगवलेल्या स्वस्त "शेरी फिनिश"च्या (शेवटी थोडाच काळ शेरीच्या पिंपात ठेवलेल्या व्हिस्कीच्या) ग्लासात याच वेळी फारसं काही नसतं. कुठल्याही शेरीवाल्या बाटलीची पारख करायची तर ही एक सवय लावून घ्या.

घ्यावी का? पहिलीच सिंगल माल्ट असेल तर नको. ग्लेनड्रोनाख १२ किंवा ग्लेनफार्क्लस १५ घ्या, पंधराची ४६% च आहे, हिशोब करायला नको. मोजमापाचा कंटाळा असेल तरी नको. ज्यांना एकाच बाटलीत वेगवेगळ्या बळाची व्हिस्की हवी आहे त्यांच्यासाठी १०५ पैसे वसूल आहे: एक लिटर ६०% म्हणजे पाण्यासह ४६% ची सव्वा लिटरहून जास्त. परदेशातून आणवणार असाल तर भारतात येताना माणशी दोन लिटरची करमुक्त मर्यादा आहे. चेक-इन सामानात ७०% पर्यंतचं मद्य चालतं, त्यामुळे ६०% ला अडचण येत नाही. बूच निघू नये म्हणून त्यावरून टेप गुंडाळून बाटली कपड्यांच्या मधोमध ठेवा.

क्वार्टरमध्ये अजून ६० मिली आहे. ती पिऊन संपवण्यापेक्षा नवी बाटली उघडल्यावर पहिले दोन पेग काढून तिच्यात ओतायची. मुरलेल्या त्या ६० मिलीने नवीचा पहिला महिना बराच सुसह्य होतो.